आणलेली वाळू

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांचं नाव सांगतो. इथे ते लिहीत नाही, कारण सरांना ते आवडणार नाही. आईवडलांचं वेगळं. ते आम्ही उपकारात धरत नाही.

माझे वडील तालुक्याच्या गावाबाहेर खडी केंद्रावर कामाला होते. आई तिथेच पाट्या टाकायची. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात सर सायकलवरून आमच्या वस्तीत आले, विहाराच्या ओट्यावर बसले आणि वडलांना तिथेच बोलावून घेतलं. वडील अंगावरची दगडाची भुकटी न झटकताच आले.

"तुम्ही रोज काय फोडता, माहीत आहे का?" सरांनी विचारलं.

"दगड, सर. दुसरं काय फोडणार?"

"ज्वालामुखी फोडता. हा सगळा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. आपलं गाव त्याच्यावरच बसलंय."

वडील म्हणाले, "तरीच आमचा मुकादम एवढा तापलेला असतो."

सर हसले आणि त्यांनी पिशवीतून दोन फॉर्म काढले. एक डिप्लोमाच्या प्रवेशाचा, दुसरा समाजकल्याणच्या वसतिगृहाचा. दोन्ही त्यांनीच भरून आणले होते. वडलांनी फक्त सह्या केल्या. लिहिण्यातलं त्यांना तेवढंच येत होतं. डिप्लोमानंतर मी पदवी केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तो पहिला फॉर्म आला नसता तर मी बहुतेक वडलांच्या शेजारी उभा असतो, आणि मला ते वाईटही वाटलं नसतं, कारण दुसरं काही असतं हे कळलंच नसतं.

सरांच्या भूगोलाच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात बाटल्या होत्या: औषधाच्या, जॅमच्या, लोणच्याच्या. जो विद्यार्थी गाव सोडून कुठे जाईल त्याने तिथली मूठभर माती किंवा वाळू आणायची, हा सरांचा नियम. बाटलीवर चिठ्ठी: वर ठिकाण, खाली आणणाऱ्याचं नाव. पण बाटली कपाटात जाण्याआधी ती वर्गात तपासली जायची. आधी बशीत काढून भिंगाखाली, मग लोहचुंबकाने, शेवटी वर लिंबू पिळून. मातीत चुना किंवा शिंपल्यांचा चुरा असला की बारीक फेस येतो आणि फसफस आवाज होतो. सर ती बशी एकेकाच्या कानाशी धरायचे. "ऐका. शिंपले बोलतायत."

त्या कपाटात एक बाटली रिकामी होती. आमच्या किती तरी आधी एका कंत्राटदाराच्या मुलाने नर्मदेची वाळू म्हणून ती आणली होती. ती निघाली बसस्थानकाच्या बांधकामावरच्या ढिगातली. सर रागावले नाहीत. त्यांनी वाळू शाळेच्या बागेत ओतली, बाटली धुतली आणि पुन्हा जागेवर ठेवली. चिठ्ठीवरचं 'नर्मदा' खोडलं, खालचं नाव तसंच ठेवलं. मी नववीत होतो तेव्हा त्या माणसाची स्वतःची मुलं आमच्या शाळेत यायला लागली होती, आणि गावात तो दिसला की आम्ही हळूच म्हणायचो, "रिकामी बाटली चालली."

मी बहरीनला आलो तो सलमाबादच्या एका प्रयोगशाळेत. बांधकामाला लागणारी वाळू, खडी, काँक्रीट तपासायचं. एकावर एक चाळण्यांची चळत लावायची, वरून वाळू ओतायची, यंत्राने हलवायची, कोणत्या चाळणीवर किती उरली ते लिहायचं. वडलांना फोनवर हे काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी फोडायचो आणि तू चाळतोस. घरचाच धंदा आहे."

पहिल्या हिवाळ्यात कंपनीने आम्हा सगळ्यांना एका शुक्रवारी बसने समुद्रावर नेलं. तोपर्यंत समुद्र मी फक्त विमानातून पाहिला होता. किनारा सोनेरी होता, एकसारखा, स्वच्छ. बाकीचे क्रिकेट खेळत होते. मी आंब्याच्या लोणच्याची रिकामी बाटली सोबत घेऊनच गेलो होतो. ती भरली, खोलीवर येऊन चिठ्ठी लिहिली: 'बहरीनच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू'. खाली माझं नाव. सुट्टीवर जाणाऱ्या एकाबरोबर ती पाठवून दिली.

सरांचं उत्तर आलं. "तुझी बाटली वरच्या खणात मधोमध ठेवली आहे. परदेशातून आलेली ही पहिली. तपासली नाही. जो रोज वाळू तपासतो, त्याची वाळू मी काय तपासणार?" हे पत्र मी पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे.

पुढची वर्षं कामात गेली. गेल्या वर्षी सरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन बराच काळ झाला आहे, पण शाळेत जाणं सुटलेलं नाही. शाळेला नवी इमारत मिळाली होती, कपाट तिकडे हलणार होतं. सगळ्या चिठ्ठ्या पेंटरकडून नव्याने रंगवून घ्यायच्या होत्या.

"तुझी चिठ्ठी उन्हाने पुसट झालीय," सर म्हणाले. "सविस्तर लिहून पाठव. फोनवर नको, कागदावर. पेंटर कागद समोर ठेवूनच लिहितो. आणि लवकर पाठव. मुलं आधी तुझीच बाटली बघतात."

"पाठवतो, सर," मी म्हणालो. ते लगेच पाठवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

त्याच सुमारास आमच्या कंपनीला एका हॉटेलचा किनारा तयार करायचं काम मिळण्याची शक्यता होती. मालकाला सोनेरी वाळू हवी होती आणि ती वाहून जायला नको होती. असा एक किनारा अटलांटिक महासागरातल्या एका स्पॅनिश बेटावर कित्येक वर्षं टिकून आहे, तो बघून यावं असं ठरलं. जाणार होते आमचे बहरीनी मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर साहेब, आणि चाळण्यांची माहिती आहे म्हणून मी. मुहंदिसांचं बालपण बाब अल बहरीनच्या बाजारात गेलेलं. तिथल्या कापडवाल्यांकडून ते हिंदी शिकले होते आणि आमच्याशी तीच बोलायचे.

ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. विमानतळावरून गाडीने जाताना रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला आणि मी काचेला नाक लावून बसलो. तोच पाषाण होता. काळा, मध्ये मध्ये भोकं पडलेला, वरच्या थरात तांबूस. पुढच्या वळणावर खडी केंद्राचं क्रशर दिसेल असं वाटत राहिलं. वाटेत एक किनारा लागला, त्याची वाळू काळी होती, ओल्या कोळशाच्या भुकटीसारखी. त्यावर दोनचार माणसं निवांत पडली होती. मग एक बोगदा, एक उतार, आणि खाली सोनेरी किनारा. मागे काळा डोंगर, कडेने नारळासारखी झाडं, पाण्यात लाटा अडवायला दगडांची लांब रांग.

आम्हाला दाखवायला एक म्हातारे गृहस्थ आले होते. आयुष्यभर त्याच किनाऱ्यावर देखरेखीची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. ते सावकाश इंग्रजी बोलत. त्यांनी सांगितलं, ही सगळी वाळू समुद्रापलीकडच्या वाळवंटातून जहाजाने आणलेली आहे. समुद्र ती हळूहळू नेतो, मग पुन्हा आणून टाकतात.

"मग इथले लोक कोणत्या वाळूवर जातात?" मी विचारलं.

"आता सगळे इथेच येतात. पण माझी आई हिला शेवटपर्यंत 'त्यांची वाळू' म्हणायची. आमची काळी."

"काळी काय वाईट होती?" मुहंदिसांनी विचारलं.

"पायाला भाजते. आणि फोटोत चांगली दिसत नाही."

मुहंदिस माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "ये आदमी सच बोलता है. इसको हमारा क्लायंट से मत मिलाना."

ते दोघं लाटा अडवणाऱ्या भिंतीबद्दल बोलत पुढे गेले. मी मागे, कठड्याच्या पायाशी थांबलो होतो. सहज टाचेने वाळू उकरली. तिथे थर पातळ असावा. टाच वीतभर आत गेली आणि खालून काळी वाळू वर आली. मी ती पुन्हा सोनेरी वाळूने झाकली. कोणी पाहत नव्हतं, तरी झाकली.

वाळू उचलून नेऊ नये अशी पाटी तिथे होती. म्हणून तपासणीसाठी आम्हाला किनाऱ्याच्या कार्यालयातूनच दोन सीलबंद पिशव्या मिळाल्या, एक सोनेरी, एक काळी. सोबत एकेक छापील कागद. म्हाताऱ्या गृहस्थांनी एकेका रकान्यावर बोट ठेवून अर्थ सांगितला. पहिला रकाना: कुठून उचलली. दुसरा: मूळ कुठली. काळीच्या कागदावर दोन्हीकडे एकच नाव होतं. सोनेरीच्या कागदावर दोन वेगळी.

मला लोणच्याची बाटली आठवली. माझ्या चिठ्ठीवर रकाना एकच होता.

परतीच्या विमानात मी मुहंदिसांना तो पिकनिकचा किनारा सांगितला आणि विचारलं, "वो बीच असली है क्या?"

"असली मतलब? पानी असली है."

"और रेती?"

"रेती बाहर का. मैं छोटा था तब उधर पानी था. हम उधर मछली पकड़ता था. रेती क्या, जमीन भी मफी." मफी म्हणजे नव्हतीच. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

तोंडी माहितीवर अहवाल लिहायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. शिवाय माझी एक आशा होती. मुहंदिस चुकत असतील, दुसराच किनारा सांगत असतील. परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी आमच्या ड्रायव्हर मामांना घेऊन तिकडे गेलो. मामा खेड तालुक्यातले, कंपनीत सगळ्यांचेच मामा. त्या पहिल्या पिकनिकला बस त्यांनीच चालवली होती, त्यामुळे जागा चुकण्याचा प्रश्न नव्हता.

"आठवडाभर वाळू चाळून तुझं पोट भरत नाय काय?" मी पिशवी भरताना ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी माणसं समोसे खायला येतात हितं."

"काम आहे, मामा."

"कोणाचं?"

"माझंच."

येताना एका मासेमारांच्या जुन्या किनाऱ्यावर थांबलो. तिथे छत्र्या नाहीत, झाडं नाहीत. होड्या, जाळी आणि राखाडी-पांढरी भरड वाळू. तीही थोडी घेतली.

शनिवारी प्रयोगशाळेत अर्धा दिवस असतो. काम संपल्यावर मी दोन काचेच्या बशा मांडल्या. मामा चावी द्यायला आले होते, ते तिथेच थांबले. आधी मासेमारांच्या वाळूवर अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकले. लगेच फेस आला, फसफस ऐकू आली. बहरीनची वाळू अशीच असते, अर्धीअधिक शिंपल्यांचा चुरा. हे मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे, अहवालांत लिहिलेलं आहे. फक्त माझ्या बाटलीचा विचार कधी मनात आला नव्हता. मग सोनेरी वाळूवर दोन थेंब टाकले. थेंब तसेच बसून राहिले. आणखी दोन टाकले. मामा बशीपाशी वाकले.

"ही मुकी हाय," ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. कपाट, बाटली, नर्मदेची वाळू, सरांचं पत्र. मामांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"यात खोटं काय झालं? तू उचललीस कुठनं? बहरीनमधनं ना? मग बहरीनची."

"पण ती इथली नाही."

"मी तरी कुठं हितला हाय? तरी माझ्या रेसिडेंट कार्डावर बहरीनच छापलंय."

"त्याच कार्डावर इंडियन पण लिहिलंय, मामा."

"तो रकाना कोण वाचतो मेल्या?"

"आमचे सर वाचतात."

मामांनी बशी उचलून उजेडात धरली. "त्यांनी लिंबू पिळून बघितलंन नाय ना?"

"नाही."

"मग आता कशाला पिळतील?"

तेच तर होतं. पिळणार नाहीत, हे मलाही माहीत होतं. त्या दिवशी खोलीवर गेल्यावर मी एक मसुदा लिहिला: 'बहरीन येथील समुद्रकिनाऱ्यावरून उचललेली वाळू'. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पेंटरने तेवढंच रंगवलं असतं, बाटली वरच्या खणात राहिली असती, मुलं तीच आधी बघत राहिली असती. तो कागद मी दोन दिवस खिशात ठेवला. अदलियाच्या मुख्य कार्यालयात बेटाचा अहवाल द्यायला गेलो तेव्हाही तो खिशात होता. त्या अहवालात मी वाळूचं मूळ आणि उचलल्याचं ठिकाण वेगवेगळं लिहिलं होतं, कोणी सांगितलं नसताना. मुहंदिस ते वाचून म्हणाले, "अच्छा है. हमेशा ऐसा लिखो."

मामा त्याच आठवड्यात सुट्टीवर निघाले होते. मी खिशातला कागद फाडला आणि पत्र नव्याने लिहिलं. मामांनी ते मुंबईहून पोस्टात टाकायचं कबूल केलं. पाकीट जड लागलं म्हणून त्यांनी विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, वाळू. "माझ्या बॅगेत वाळू," ते म्हणाले, "आणि बायको सोन्याची वाट बघत बसलीय." मग त्यांनी पाकीट कपड्यांच्या मधल्या घडीत नीट ठेवलं.

पत्र असं होतं:

आदरणीय सर,

सादर प्रणाम. तुम्ही चिठ्ठीचा मजकूर मागितलात, त्याला उशीर झाला. कारण पुढे लिहितो.

मी पाठवलेली वाळू बहरीनची नाही. ती मी बहरीनच्या किनाऱ्यावरून उचलली हे खरं आहे, पण तो किनारा माणसांनी भराव घालून केलेला आहे आणि वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. नेमकी कुठून ते मला सांगता येत नाही. उचलली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आता इथे तपासली. अ‍ॅसिड टाकलं तरी फेस येत नाही. तुम्ही लिंबू पिळलं असतंत तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. माझ्यावरच्या विश्वासाने तुम्ही पिळलं नाहीत, आणि इतकी वर्षं मुलांना माझ्या सांगण्यावरून चुकीचं सांगितलंत, हे मला सर्वात जास्त लागलं.

म्हणून विनंती अशी की नियमाप्रमाणे बाटली रिकामी करावी. वाळू बागेत ओतावी. ठिकाण खोडावं, माझं नाव राहू द्यावं. पेंटरलाही तसंच सांगावं. मला सूट देऊ नये. मुलांनी विचारलं तर कारण सांगावं.

सोबत कागदाच्या पुडीत दुसरी वाळू आहे. ती इथल्या मासेमारांच्या जुन्या किनाऱ्यावरची आहे. दिसायला चांगली नाही. राखाडी आहे, त्यात शिंपल्यांचे तुकडे आहेत. तिची चिठ्ठी अशी लिहावी. उचललेलं ठिकाण: बहरीन. मूळ ठिकाण: बहरीन, माझ्या माहितीप्रमाणे. तपासणी: बाकी. हा शेवटचा रकाना तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे.

मधे कामानिमित्त एका ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन आलो. तिथला दगड आपल्या खडी केंद्रावरच्या दगडासारखाच आहे. वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, तिथला मुकादम कसा आहे ते बघून यायचं होतंस. तिथेही एक सोनेरी किनारा आहे आणि तोही आणलेला आहे, पण तिथले लोक तसं कागदावर लिहून देतात. त्या बेटाची काळी वाळू तुमच्यासाठी आणावी असं वाटलं होतं. तिथे मनाई होती, आणि तपासणीची पिशवी कंपनीची आहे. खडी केंद्राची भुकटी अगदी तशीच दिसते, ती घेऊन तुम्हाला दाखवा असं वडलांना सांगणार होतो. पण ती दाखवायला ठीक, बाटलीत नको.

तुमची तब्येत सांभाळा. सायकल आता शक्यतो कमी चालवा.

नवी पुडी वर्गात मुलांसमोरच उघडा. लिंबू भरपूर पिळा आणि बशी एकेकाच्या कानाशी धरा. आवाज आला नाही तर दुसरी बाटलीही रिकामी करा, तिच्यावरही माझं नाव राहू द्या आणि मला कळवा. मी पुन्हा पाठवीन.

आपला विद्यार्थी